गुत्तामीमांसा

शास्त्राचा दंडक असा की आधी लक्षण सांगावे, मग लक्ष्य दाखवावे. गुत्त्याच्या बाबतीत आपल्याकडे सगळे उलटे झाले. गुत्ते गावोगाव निघाले, चालले, पोलिसांनी मोडले, पुन्हा लागले. पण चांगला गुत्ता कशाला म्हणावे हे कुणी शास्त्रशुद्ध सांगितले नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरती ही उणीव दूर करावी, एवढाच या प्रबंधाचा माफक हेतू आहे. बाकीच्या तालुक्यांनी आपापले पंडित बघावेत.

या विषयातले पूर्वसूरी दोन. पहिले राम गणेश गडकरी. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आहे, आणि पिणाऱ्यांची रीतसर संस्था असू शकते हा विचार मराठी माणसाच्या मनात तेव्हापासून रुजला. पण गडकऱ्यांचे लक्ष नायिका सिंधूकडे होते. मंडळींनी बाकावर बसावे की सतरंजीवर, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण ठरला. दुसरे पूर्वसूरी जॉर्ज ऑर्वेल. ९ फेब्रुवारी १९४६ च्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्यांनी ‘द मून अंडर वॉटर’ या पबचे वर्णन केले, त्याच्या अंगची दहा लक्षणे मोजली, आणि वाचकाला पुरती तहान लागल्यावर असा पब मुळात नाहीच म्हणून सांगितले. (पुढे त्याच नावाचे खरे पब इंग्लंडात निघाले. कल्पनेतल्या गुत्त्याचाही परवाना काढणारे लोक जगात असतात.) ऑर्वेल जन्मले बिहारात मोतिहारीला आणि त्यांचे वडील होते सरकारच्या अफू खात्यात. तेव्हा नशा आणि महसूल यांचे गोत्र एकच, हे त्यांना कुणी वेगळे शिकवायला नको होते.

ऑर्वेलची बहुतेक लक्षणे कसाऱ्याच्या अलीकडे टिकत नाहीत. त्यांना हिवाळ्यात शेकोटीची धग हवी. शहापुरात एप्रिल-मेमध्ये धग फुकट आहे. त्यांच्या पबात सिगारेटींसोबत ॲस्पिरिन आणि टपालाची तिकिटे मिळतात. आपल्याकडे ते काम किराणा दुकानाचे. दोनच लक्षणे आम्ही जशीच्या तशी घेतो. एक, तिथे रेडिओ नाही, पियानो नाही, माणसाचे बोलणे माणसाला ऐकू येते. हा नियम आम्ही हळदीच्या डीजेपर्यंत वाढवतो. दुसरे लक्षण भांड्याचे. पेय कशातून प्यायचे याबद्दल ऑर्वेल फार काटेकोर होते, आणि आम्हीही आहोत; पण ते यथास्थळी येईल.

प्रथम स्थाननिर्णय.

आदर्श गुत्ता शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, दोन तालुक्यांच्या शिवेलगत असावा. कारण असे: शहापूरकराला आसनगाव स्टेशन आहे, म्हणून त्याचे पिणे कसारा लोकलला बांधलेले, तो घड्याळाकडे बघत घोट घेतो. मुरबाडकराला रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड रेल्वेची वाट बघण्यात त्याच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे वाट बघण्याची कला त्याच्या अंगात मुरली आहे. शेवटची एस.टी. गेली की तो मोकळा होतो आणि मग खरा बोलायला लागतो. या दोघांना एका बाकावर बसवले तर पिण्याचा योग्य वेग आपोआप सापडतो. शिवाय दोन तालुक्यांच्या शिवेवर काही घडले, तर ते कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडले हे ठरेपर्यंत मंडळी घरी पोचलेली असतात.

जागा झाडाखालची, आणि झाड मोहाचे. यावर दुमत संभवत नाही. दुमत आहे ते अंतरावर. महाराष्ट्रात परवान्याच्या जागेपासून ७५ मीटरच्या आत शाळा किंवा धर्मस्थळ चालत नाही. हे अंतर हवेतून मोजायचे नसते. पायी जाणारा माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने जातो, त्या वाटेने मोजायचे असते. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फूटपाथ असणार. आमच्याकडे पायी जाणारा माणूस मार्गशीर्षात कापलेल्या शेतातून नाकासमोर जातो, आणि आषाढात भाताची आवणी झाली की बांधाबांधाने वळसे घेत जातो. म्हणजे तोच गुत्ता, तीच शाळा, पण पावसाळ्यात गुत्ता कायदेशीर आणि भातकापणी झाली की बेकायदा. हा पेच खोटा वाटत असेल त्यांनी केरळाकडे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू नको म्हटल्यावर तिथल्या एका बारने दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह उभारला आणि ग्राहकाला आतल्या आत फिरवून अंतर भरून काढले. मार्च २०१७ मध्ये लहान गावांपुरते ते अंतर २२० मीटरवर आले. चक्रव्यूहाला लागणाऱ्या विटांचा खर्च पाहता आमचे बांध बरे.

शंका: मोहाखाली शेंदूर फासलेला वाघोबा असतो, त्याचे काय? समाधान: नियमाला जे धर्मस्थळ अभिप्रेत आहे ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले लागते. वाघोबाने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केलेली नाही, ना त्याचा कुणी विश्वस्त आहे. उलट बाटली उघडल्यावर पहिली धार त्याला सोडतात, त्याअर्थी तो धर्मस्थळ नसून ग्राहक ठरतो. आता ग्राहक म्हटला की वयाची अट आली. तीव्र मद्यासाठी महाराष्ट्रात वय २५ पूर्ण लागते. वाघोबा पंचविशी ओलांडून बराच पुढे गेला आहे याविषयी दोन्ही तालुक्यांत एकमत आहे.

इति स्थाननिर्णय. आता पेय.

पेय एकच: मोहाची. बिअरचा प्रश्न उद्भवत नाही. नाशिकची वाइन घाट उतरून येते, पण ती फार्महाऊसवर थांबते. ताडी हे दुसरे एतद्देशीय पेय खरे, आणि पहाटेची गोड नीरा दुपारपर्यंत ताडी आणि दुसऱ्या दिवशी जवळपास व्हिनेगर होते हा काळाच्या अनित्यतेवरचा उत्तम धडाही आहे. पण ताडाचे खरे राज्य पालघर-डहाणूच्या किनारपट्टीला. सह्याद्रीच्या पायथ्याला मोह.

मोहाचे फूल फाल्गुन-चैत्रात रात्री गळते. बाया पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. आदल्या दिवशी बुंध्याभोवतीचा पालापाचोळा झाडून जागा साफ केलेली असते. फूल पांढुरके, मांसल, गोड. वाळवले की मनुकेसारखे होते आणि वर्षभर टिकते. टंचाईच्या दिवसांत लोकांनी ही फुले शिजवून खाल्ली आहेत, गुरांना घातली आहेत, आणि त्याच झाडाच्या बियांच्या तेलात भाज्या केल्या आहेत. फुले भिजवून आंबवायची, मडक्यावर मडके चढवायचे, सांधे मातीने लिंपायचे, नळी काढायची, आणि वाफ जिथे जमते ते भांडे थंड ठेवायचे. थंड कशाने? पाण्याने. ते पाणी तापले की बदलायचे, पुन्हा तापले की पुन्हा बदलायचे. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. प्रबंधाचा सगळा भार पुढे त्यावर आहे.

१८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा ठरली, गाळण्याचे काम मोठ्या सरकारमान्य भट्ट्यांकडे आणि विकण्याचे मक्तेदारांकडे गेले. ठाणे जिल्ह्यासाठी मोहाची दारू उरणला गाळली जाऊ लागली आणि तिथल्या भट्ट्यांसाठी फुले आणली गेली गुजरातेतून. डोळखांबच्या ठाकराच्या अंगणात फूल पडत होते, पण त्याने प्यायचे ते पंचमहालातून निघून उरणवरून कर भरून आलेले. तरीही फूल पडायचे थांबेना आणि लोक ते उचलायचे थांबेनात. तेव्हा सरकारने थेट फुलालाच हात घातला. १८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता: फुले बाळगण्या-विकण्यावर निर्बंध. दारूवर बंदी घालणारे राजे जगात पुष्कळ झाले. झाडाखाली पडलेल्या फुलाची दहशत बसलेले सरकार विरळा.

याच १८९२ साली शहापूर तालुक्यात दुसरे एक काम पुरे झाले. तानसा नदीवर धरण झाले आणि तिचे पाणी नळातून मुंबईला निघाले. योगायोगावर प्रबंध उभा करू नये असे गुरुजन सांगतात. आम्ही उभा करत नाही, फक्त नोंद करतो: मोहाच्या दारूला लागते फूल आणि पाणी, आणि एकाच वर्षी फुलाला कायदा लागला आणि पाण्याला नळ.

पुढे वैतरणेवर धरणे झाली, भातसा झाले. मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातशाचे. अंधेरीच्या एखाद्या बारमध्ये व्हिस्कीत पाणी घालणारा इसम व्हिस्की कुठली हे मोठ्याने विचारतो. पाणी कुठले हे विचारत नाही. आमच्या शास्त्रानुसार त्या पेल्यात निम्म्याहून अधिक शहापूर आहे. बर्फही शहापूर. सोड्यातले बुडबुडे वगळता सोडाही शहापूर. आणि ज्या महिन्यात मोह फुलतो, त्याच महिन्यात कसाऱ्याकडच्या वाड्यापाड्यांवर विहिरी तळाला जातात आणि बाया हंडे घेऊन टँकरच्या वाटेवर बसतात. म्हणून आदर्श गुत्त्याचे पहिले लक्षण कोणते, असे विचारल्यास आम्ही दारूचे नाव घेणार नाही. गुत्त्याच्या दाराशी एक नळ असावा, त्याला मे महिन्यात पाणी असावे, आणि ते पिणाऱ्याला फुकट आणि न पिणाऱ्याला आधी मिळावे.

पेयाच्या दर्जाबद्दल एक कायदेशीर गुंता राहिला. २०२१ मध्ये राज्याने मोहाची फुले गोळा करण्या-नेण्यावरचे निर्बंध उठवले. फुलाची १२९ वर्षांनी सुटका झाली. इतकी लांब शिक्षा एखाद्या दरोडेखोरालाही झालेली नाही. पाठोपाठ २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचे ठरवले. हेतू चांगला होता, दर्जा वाढला की भाव येतो. पण परिणाम पाहा. झाड माहुलीच्या पायथ्याचे, फूल त्याच झाडाचे, वेचणारी बाई त्याच पाड्यावरची, आणि पेय विदेशी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाचा देशीचा दोन रुपयांना, विदेशीचा पाच रुपयांना. त्याच झाडाखाली बसून त्याच झाडाचे प्यायला परदेशगमनाचे तीन रुपये जास्त. हा परवाना ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ दिलेला असतो. या राज्यात जो कायदेशीर पितो तो शासनाच्या मते औषध घेत असतो, आणि म्हणूनच आपल्याकडच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी लागते. आदर्श गुत्त्यात भिंतीवर डॉक्टरांच्या दवाखान्यासारखी नंबराची पाटी लावायला आमची हरकत नाही.

विनोद सोडून एक वाक्य. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे गेली. ती फुलाची दारू नव्हती, मिथेनॉल होते. फूल कोंडून ठेवले तेव्हा भट्टी बंद झाली नाही, तिने फक्त कच्चा माल बदलला. काळा गूळ आला, नवसागर आला, आणि मग ज्याचे नावही पिणाऱ्याला ठाऊक नाही ते आले. आमच्या गुत्त्यात पहिल्या धारेची की दुसऱ्या, हे विचारण्याआधी वासावरून फूल ओळखता आले पाहिजे.

आता भांडे. ऑर्वेल यांना बिन-कानाच्या काचेच्या ग्लासाची चीड होती. त्यांच्या पबात गुलाबी चिनी मातीचे मग होते. आमचा पक्ष पळसाच्या द्रोणाचा. काचेचा ग्लास सपाट बुडाचा असल्यामुळे खाली ठेवता येतो. खाली ठेवता आला की माणूस हात मोकळे करून भाषण करतो, भाषणाच्या ओघात ग्लास रिकामा झाल्याचे त्याला कळत नाही, आणि दुसरा माणूस तो भरतो. गुत्त्यातल्या बहुतेक अनर्थांचे मूळ सपाट बुडात आहे. हिराने टाचलेला द्रोण खाली ठेवला की कलंडतो. तो धरून ठेवावा लागतो, म्हणजे एक हात कायम अडकलेला. एका हाताने भांडण होत नाही, निदान नीट होत नाही. शंका: खाली ठेवता येत नाही म्हणून माणूस घाईने संपवील. समाधान: संपवील, पण द्रोण मुळात लहान, आणि दोनदा भरला की पान मऊ पडून टाचा सैल होतात. तिसरी खेप अंगरख्यावर सांडते. काचेच्या कारखानदारांनी हजारो वर्षांत जे साधले नाही ते पळसाने साधले: पेल्यालाच पुरे म्हणता येते. शिवाय रिकामा द्रोण शेळी खाते. स्टीलचा पेला शेळी खात नाही, तो चोरीला जातो.

चाखण्याबाबत शास्त्र सैल आहे. उकडलेले कडवे वाल, सुकट, भाजलेला बोंबील, आणि पहिल्या पावसानंतर ओढ्यातले मुठे. मुठ्याला दोन्ही हात लागतात, म्हणून तो द्रोण संपल्यावर. वेफर्सचे पाकीट फोडणाऱ्यास मज्जाव नाही, पण त्याने थोडे लांब बसावे.

पैशांचा व्यवहार हा या दोन तालुक्यांचा मानबिंदू आहे. मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण सातवाहनांच्या काळाची आठवण देतो, आणि त्याच तालुक्यातले धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. रांजणापासून स्वाइप मशीनपर्यंतचा हा प्रवास एका तालुक्यात पुरा करणारे लोक महाराष्ट्रात दुसरीकडे नसावेत. आदर्श गुत्त्यात दोन्ही ठेवावे, ज्याला जे झेपेल ते. फक्त उधारीची वही नको. ठाणे जिल्ह्यात एकेकाळी दारूचा मक्तेदार आणि सावकार पुष्कळदा एकच माणूस असे. वहीत चढलेली उधारी शेवटी शेताने फिटायची. गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्यासाठी राज्याला १९७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आता सावकार गेला, समृद्धी महामार्ग आला. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापुरातून वाहता झाला, आणि गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल असा नवा माणूस झाडाखाली येऊन बसायला लागला. तो स्वतः कमी पितो, पाजतो जास्त. म्हणून गुत्त्यात एकच पाटी, मोठ्या अक्षरात: ‘येथे सातबारा काढू नये.’ आणि तिच्याखाली थोड्या लहान अक्षरात: ‘दुसऱ्या द्रोणानंतर अंगठा कशावरही उठवू नये.’ ज्याला वाचता येत नाही त्याला ती मालकिणीने वाचून दाखवावी.

होय, मालकीण. हा भाग पुरुष वाचकांनी सावकाश वाचावा. पहाटे उठून फूल वेचते ती बाई, पाणी भरते ती बाई, आणि रात्री झिंगलेल्याला दार उघडते तीही बाई. इतक्या ठिकाणी जिचा हात लागतो तिला गल्ल्यापासून दूर ठेवणे तर्कशास्त्रात बसत नाही. ऑर्वेलच्या पबात बाया होत्या, पण गल्ला दुसऱ्याचा होता. आमच्या गुत्त्यात किती द्रोण कुणाला, हे ती ठरवील, आणि तिला पिणाऱ्याच्या घरी किती तांदूळ शिल्लक आहे हे माहीत असेल.

उरली शेवटची अट, आणि या अटीवर प्रबंध अडकला आहे. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायांना मतदान मागता येते; मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी, आडवी म्हणजे दुकान बंद. आम्ही सुचवतो की आदर्श गुत्त्याने हा कौल दुकान उघडण्याआधीच घ्यावा. पण मोजणीत मेख आहे. बाटली आडवी करायला मतदानाला आलेल्या नव्हे, तर यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. जी आली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला पडल्यासारखेच. आणि आमच्याकडे कातकरी बाया दिवाळी झाली की कुटुंबकबिला घेऊन भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात त्या पाऊस जवळ आल्यावर परततात. पौषात कौल घेतला तर अर्धा पाडा रिकामा आणि बाटली उभी. म्हणून कौल आषाढातच, आवणी चालू असताना, शेताच्या बांधावर पेटी नेऊन घ्यावा. तोवर मालकिणीने झाडाखाली बाक मांडून ठेवावेत आणि येईल त्याला नुसते पाणी द्यावे. टँकर आला असेल तर.